पत्रा अजून चांगला आहे

वेल्डरला फोन करून मी म्हटलं, “पूल गंजलाय, येऊन बघून जाता का?” पलीकडे थोडा वेळ नुसता ग्राइंडरचा आवाज. मग तो म्हणाला, “काका, पुलाची कामं सरकारी असतात. आपण ग्रिल, जिने आणि शेडची घेतो.”

चूक त्याची नव्हती. नदीवर असतो तोही पूल आणि फार्महाऊसमध्ये असतो तोही पूल. एकावरून माणूस कोरडा पलीकडे जातो, दुसऱ्यात पैसे भरून ओला होतो, एवढाच फरक. आमचा तर त्यातही निराळा. जमिनीत खणलेला नाही, जमिनीवर आणून ठेवलेला. पंधरा फूट व्यास, चार फूट उंची, बाहेरून पत्रा आणि आतून जाड निळं प्लॅस्टिक. हौद म्हणावं तर हौद दगडचुन्याचा असतो. टाकी म्हणावं तर बायकोला डोंबिवलीची गच्ची आठवते. जागेची देखभाल करणारे मामा त्याला ‘टप’ म्हणत आणि मामी पहिल्या दिवसापासून ‘डबा’. नावं ठेवायचं काम गावातल्या बायकांवर सोपवावं. पुढचं त्यांना आधी दिसतं.

कर्जत-मुरबाड रस्त्याला, कशेळ्याच्या अलीकडे आमची पाच गुंठे जागा आहे. निवृत्तीच्या पैशांतून घेतली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आंबा, चिकू, ओटी आणि ओटीवर मी, एवढंच चित्र होतं. पण या तालुक्यात शिरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाट्या सुरू होतात: प्रायव्हेट पूल, रेन डान्स, व्हेज-नॉनव्हेज, ग्रुपला सवलत. नातेवाइकांना “या एकदा कर्जतला” म्हटलं की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, “पूल आहे का?” संडास आत आहे की बाहेर, हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर गेला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यात मेव्हण्याची जागा खालापूर तालुक्यात, चौकजवळ. त्याच्याकडे जमिनीत खणलेला आरसीसीचा पूल, पुलाला टाइल्स आणि टाइल्सवर डॉल्फिन. दर मे महिन्यात तो आमच्या नातवंडांचे त्या डॉल्फिनवर उभे असलेले फोटो पाठवायचा. आमचीच नातवंडं, त्याचा डॉल्फिन. तीन मे महिने मी सहन केलं. चौथ्या वर्षी डबा आणला.

विकणारा माणूस बोलायला गोड होता. खणायला नको, सिमेंट नको, दोन दिवसांत उभा. “आणि काका, दहा वर्षं बघायला नको.” हे वाक्य तो कौतुक म्हणून बोलला. आम्ही ते सूचना म्हणून पाळलं.

पहिल्या मे महिन्यात डबा फार शोभला. पण मेव्हणा आला, कंबरेवर हात ठेवून भोवती फिरला आणि म्हणाला, “भाऊजी, छान आहे. फक्त म्हशींच्या पाण्याच्या टाकीसारखा दिसतो.” त्याच रविवारी मी मामांना सांगून भोवती मातीचा बांध घालून घेतला. वीतभर उंच, दीड हात रुंद. त्यात लिली लावली, मोगरा लावला, कडेला पांढरे गोटे. बांधामुळे डबा थोडा जमिनीत गेल्यासारखा दिसू लागला. लांबून, संध्याकाळच्या वेळी आणि चष्मा काढून पाहिला तर थेट आरसीसी. रोज त्या मोगऱ्याला पाणी मिळत होतं, शेणखत मिळत होतं, आणि मोगऱ्याच्या मुळांशी खेटून पत्रा उभा होता.

इथे थोडं पत्र्याविषयी. लोखंडाचा पत्रा नुसता बाहेर ठेवला तर एका पावसाळ्यात तांबडा होतो, म्हणून त्याला जस्ताचा थर देतात. तोच आपला जी. आय. पत्रा. आपल्या घरी पितळेच्या पातेल्याला कल्हई असायची, तीतलं कथील भांडं आणि आमटी यांच्यामध्ये नुसतं पडद्यासारखं उभं राहतं. जस्ताचा स्वभाव वेगळा. ते पडदा तर होतंच, शिवाय थराला ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला झिजू देत नाही. घरातली थोरली सून असते तसं. सगळं अंगावर घेते, तोवर घर नीट चालतं, आणि ती थकली की आठ दिवसांत कळतं की घर कोण चालवत होतं. सतत ओली माती लागून असेल तर जस्त लवकर थकतं. मग लोखंडाची पाळी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो आधी रंगाखाली फुगतो, फोड येतात, पापुद्रे सुटतात. अलिबागला जागा असती तर समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर ढकलता आलं असतं. कर्जतला समुद्र नाही. मोगरा होता, आणि तो मी लावला होता.

एका मंगळवारी सकाळी मामांचा फोन आला. “साहेब, टपातलं पानी कमी होतंय.”

“उन्हाने आटत असेल.”

“रातचं पन आटतंय.”

शनिवारी गेलो. पाणी वीतभर खाली गेलं होतं आणि मोगरा कधी नव्हे इतका बहरला होता. मी पत्र्यावर टिचकी मारून पाहिली. टण्ण आवाज आला. “पत्रा अजून चांगला आहे,” मी जाहीर केलं. प्लंबर आला, त्याने थाप मारली. “पत्रा तर चांगला आहे, काका.” पलीकडच्या प्लॉटवरचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियरसाहेब आले, त्यांनी बोटाची पेरं वाजवली, कान लावला आणि तोच अभिप्राय दिला. मेव्हणासुद्धा नाइलाजाने म्हणाला, “पत्रा बरा दिसतोय.” सगळ्यांनी कंबरेच्या उंचीवर वाजवून पाहिलं, कारण माणसाचा हात तिथे पोचतो. आमच्या सगळ्यांची वयं साठीच्या पुढची. गुडघे मोडून खाली बघायचं म्हणजे पुन्हा उठवायला कोणी तरी हवं.

संध्याकाळी मामी अंगण झाडत होत्या. खराटा थांबवून त्यांनी बायकोला सांगितलं, “काकी, खाली माती लागून समदा गेलाय. मागल्या शिमग्यापासून.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“कोनी इचारलं नाय.”

मामांनी दोन पावडी माती ओढली. पत्र्याचा रंग नव्हता, गूळ होता. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला. टोचला नाही, नुसता टेकवला. कर्जत स्टेशनवर गाडीला मागून घाटाचं इंजिन जोडेपर्यंत दिवाडकरांच्या वड्यात बोट जातं तसा तो आत गेला आणि बाहेर पाण्याची सुतळीएवढी धार लागली. बोट लावून मी तिथेच बसून राहिलो. हॉलंडातला मुलगा बांधाला बोट लावून देश वाचवतो, अशी एक गोष्ट शाळेत होती. त्याचे गुडघे बरे असणार.

त्या रात्री ओटीवर बैठक भरली. प्रश्न एकच: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

बायको दुरुस्तीच्या पक्षात. ती अशा घरातून आली आहे जिथे कुकरची शिट्टी बदलली, दांडा बदलला, झाकण बदललं, पुढे तळ वाकला म्हणून भांडंही बदललं आणि तरी तो “आईच्या लग्नातला कुकर” आहे. तिचा दाखलाही बिनतोड होता. “माथेरानची गाडी बघा. १९०७ ची. २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, दुरुस्त केले. २०१९ ला पुन्हा गेले, पुन्हा तीन वर्षं खपून २०२२ ला चालू केली. कोणी म्हटलं का, डोंगर बदलू या?”

पुण्यातला मुलगा व्हिडिओ कॉलवर नव्याच्या पक्षात. “बाबा, त्याच्यावर पैसे घालू नका. नवीन मॉडेल येतात, फायबरची.” मुलांना आपण जुनी वस्तू टाकत नाही याचं दुःख असतं. आपल्याला वेगळं दुःख असतं, की त्यांना आपणही जुनेच दिसतो. हे मी कॉलवर बोललो नाही.

मेव्हणा आरसीसीच्या पक्षात, तो जन्मापासूनच आहे. “भाऊजी, एकदाच खणा आणि मोकळे व्हा.”

इंजिनियरसाहेब कोणत्याच पक्षात नव्हते, ते गणिताच्या पक्षात होते. त्यांनी माझ्याच वहीत मांडलं: पंधरा फूट व्यास, साडेतीन फूट पाणी, म्हणजे साडेसतरा हजार लिटर. वजन साडेसतरा टन. तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर टनाच्या वर दाब. “धरण खाली रुंद का बांधतात? दाब खाली असतो म्हणून. तुमच्याकडे दाब सगळ्यात जास्त तळाशी आणि पत्रा सगळ्यात कमी तळाशी. आता हे उभं कशावर आहे?”

“कशावर?”

“सवयीवर.”

त्या क्षणापासून डब्याच्या पाच फुटांत कोणी जाईना. नातवंडांना बंदी झाली. पोहायला आणलेल्या वस्तूपासून मुलांना सांभाळायचं, आणि तिच्यातलं पाणी हिरवं होऊ नये म्हणून रोज दोन तास पंप चालवायचा, असे तीन आठवडे गेले. देवघरातल्या मूर्तीचीही आम्ही इतकी नेमाने पूजा केलेली नाही.

वेल्डरने पुलाची भानगड समजून घेतल्यावर त्याला भेटायला आम्ही खोपोलीला गेलो. खोपोलीच्या मागच्या डोंगरावरून वीजघराचे मोठाले नळ उतरतात. १९१५ पासून टाटांनी वरच्या लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी तिथून खाली आणलं, चाकं फिरवली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. जे पाणी इंद्रायणीतून पूर्वेला जायचं ते इथे येऊन पाताळगंगेत पडतं. बायकोने गाडीची काच खाली केली. “ते बघा लोखंडी नळ. शंभर वर्षं डोंगरावर उघड्यावर आहेत. त्यांना नाही गंज लागत?”

हेच तिने वेल्डरला विचारलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला. “काकू, त्यांना रोज बघायला माणूस असतो. पगारावर. तुमच्या डब्याला कोण असतं?”

“आम्ही जातो ना.”

“किती वेळा?”

मी गप्प बसलो. दर शनिवारी जायचं असं ठरवून जागा घेतली होती. पहिल्या वर्षी गेलो. पुढे लग्नं, बारसं, बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि रविवारी परतीच्या लोकलची गर्दी. हिशेब केला तर महिन्यातून एकदा, पावसाळा धरून तेवढंही नाही. पण ते वेल्डरला कशाला सांगा?

तो येऊन बघून गेला. त्याने मात्र येताच चप्पल काढली, उकिडवा बसला आणि पहिला हात तळाला घातला. मला माणूस आवडला. त्याचं म्हणणं असं: पत्रा एकसंध आहे, सत्तेचाळीस फूट लांब, गुंडाळीसारखा फिरवून एका जागी बोल्टांनी जोडलेला. वरचा सव्वातीन फूट ठणठणीत. खालचे आठ इंच संपलेत. वरचा कठडा किंवा चार बोल्ट गंजले असते तर घासून, जस्ताचा रंग मारून दहा वर्षं काढता आली असती. पण खालच्या आठ इंचांसाठी वेगळा पत्रा मिळत नाही. एक तर सगळा बदला, नाही तर ठिगळं लावा.

“किंवा?” मी विचारलं. मराठी माणसाला तिसरा पर्याय लागतो.

“किंवा खालून आठ इंच कापून टाकू. चार फुटांचा तीन फूट चार इंच होईल.”

हे मला एकदम पटलं. पँट खाली झिजली की आखूड करतात, त्यात काय लाज? पण बायकोने बोट ठेवलं. “नातू या तीन वर्षांत एक वीत वाढलाय. तो वाढणार आणि डबा आखूड होणार. दोन वर्षांनी त्यात पाय धुवायला बसायचं का?”

ठिगळं लावायचं ठरलं. पहिल्यांदा स्वस्तातलं, म्हणजे एमसील. भोकं नऊ होती, आम्ही अकरा बुजवली. दोन बुजवताना पाडली. मग वेल्डिंग. जी. आय. पत्रा वेल्ड करायला लागलं की जस्त जळतं आणि पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, असं सगळे वेल्डर जाणतात. त्याने तोंडाला गमछा बांधला आणि बायकोकडे दूध मागितलं. दुधाने धूर उतरतो का याबद्दल मला शंका आहे, पण बायकोने अर्धा लिटर म्हशीचं दूध गूळ घालून दिलं, आणि वेल्डरच्या मदतनिसाने धुरापासून वीस फूट लांब उभं राहून त्यातलं निम्मं घेतलं. गोम अशी की ज्या जागी जोड दिला तिथलंच जस्त जळून जातं. म्हणजे दुरुस्त केलेली जागा आधी गंजणार. आणि आतलं निळं प्लॅस्टिक, म्हणजे लायनर, मागे सारलं होतं म्हणतात, पण ठिणगीला कोणी सांगितलं नव्हतं. पत्र्याचं भोक बंद झालं आणि लायनरला रुपयाएवढं पडलं.

लायनरला पक्कं ठिगळ चिकटवायचं तर उरलंसुरलं पाणीही काढायला हवं. पाणी काढलं की लायनर आकसतो, कडक होतो, पुन्हा ताणून बसत नाही. बसला नाही की नवा लायनर. नवा लायनर घालायचा तर गंजलेल्या पत्र्यावर कोण घालेल, म्हणून नवा पत्रा. नव्या पत्र्याचं तोंड पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या जुन्या स्किमरला जुळत नाही, म्हणून नवा स्किमर. असं करत करत पंपापर्यंत पोचलो. तो आहे तोच चालला असता. एकूण हिशेब नव्या डब्यापेक्षा अकरा हजारांनी जास्त झाला. बायकोच्या माहेरच्या कुकरचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मग तिसरा पर्याय आपोआप पुढे आला, जो आपल्याकडे नेहमी येतो. रंग. आधी रेड ऑक्साइड, वर दोन हात आकाशी. पेंटर दिवसभर शिट्ट्या वाजवत होता. संध्याकाळी डबा असा दिसू लागला की आम्ही त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि मेव्हण्याला पाठवला. त्याने डॉल्फिनचा फोटो उलट पाठवला नाही, यावरून परिणाम समजला. गंजाला रंगाने इलाज होत नाही. पण रंग मारल्यावर दोन महिने तो विषय घरात निघत नाही, आणि दोन महिने काही थोडे नाहीत.

एप्रिल आला. पाणी भरायचं. आता हे जरा अवघड जागेचं दुखणं आहे. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. नुसता डबा उघडा ठेवला तर पाऊसच तो जवळजवळ अडीच वेळा भरून देईल, तोही फुकट. पण पावसाळ्यात आम्ही त्यावर ताडपत्री टाकतो, पाणी आत जाऊ नये म्हणून. आणि एप्रिलमध्ये टँकर मागवतो, दहा हजार लिटरचे दोन. पहिल्या वर्षी टँकर येऊन उभा राहिला तेव्हा वाडीतल्या दोन-तीन बायका हंडे घेऊन विहिरीकडून परतत होत्या. मामींनी टँकरवाल्याला विचारलं, किती हंडे पाणी? मीच हिशेब केला. पंधरा लिटरचा हंडा धरला तर साडेअकराशेच्या वर. मामी काही म्हणाल्या नाहीत. वरच्या दरीतलं पाणी टाटांकडे, भिवपुरीच्या वीजघरातून उतरतं ते उल्हासच्या खोऱ्यात, खालापूरच्या मोरबे धरणाचं नवी मुंबईला. आणि मी डोंबिवलीत चाळीस वर्षं उल्हासचंच पाणी पिऊन इथे येऊन टँकरचं विकत घेणार. टँकर उतरवला तेव्हा मामींच्या वाडीला दोन पिंपं आधी भरून दिली. उरलेल्यात मुलं डुंबली. त्यावर मी अजून काही ठरवू शकलेलो नाही.

तर या एप्रिलला टँकरवाल्याला नंबर लावला, आणि लावून रद्द केला. इंजिनियरसाहेबांचे साडेसतरा टन डोक्यातून जाईनात. होतं तेवढं पाणी आधीच उपसलं होतं. डबा कोरडा पडला.

आणि इथून पुढे त्याला बरे दिवस आले.

पहिल्यांदा मामींनी त्यात सोललेले वाल वाळत घातले. चहूबाजूंनी चार फुटांची भिंत, कोंबडी शिरत नाही, वारा उडवत नाही, आणि निळ्या प्लॅस्टिकवर ऊन असं तापतं की दोन दिवसांचं काम एका दिवसात. मग बायकोने त्यात सांडगे घातले, कुरडया घातल्या. मे महिन्यात नातवंडं आली. पूल कोरडा बघून थोडं रडली आणि तासाभरात तिथे क्रिकेट सुरू झालं. चेंडू बाहेर जाऊन हरवत नाही, पत्र्याला लागला की टण्ण वाजतो, वाजला की चौकार. नातू म्हणाला, “आजोबा, यात पाणी नका घालू.” एवढी वर्षं पाणी भरून जे मिळालं नव्हतं ते मोकळ्या डब्याने दिलं. मेव्हण्याची नातवंडं चौकवरून इकडे खेळायला आली. डॉल्फिन एकटा पडला. मी त्याचा फोटो मागवला होता, तो आला नाही.

हा निर्णय म्हणायचा तर म्हणा. दुरुस्ती नाही, बदल नाही.

पावसाळ्याने मात्र तो कायम केला. जूनमध्ये ताडपत्री टाकायला कोणी गेलं नाही. डबा भरला, तो तळाच्या भोकांपर्यंतच. वरचं पाणी आपलं आपण निघून जाई, आठ बोटं पाणी राही. त्यात बेडूक आले. दोन आठवडे त्यांनी रात्रभर डबा असा दणाणून सोडला की पत्र्याच्या भिंतीमुळे आवाज घुमून मामांच्या घरापर्यंत जाई. जुलैत एका रात्री जोडाचे खालचे तीन बोल्ट सुटले आणि भिंत एका बाजूने लवली. आत फार पाणी नव्हतं, म्हणून मोगरा वाचला. सकाळी मामा म्हणाले, “साहेब, टप बसला.”

वेल्डर पुन्हा आला. या वेळी फक्त ग्राइंडर घेऊन. त्याने खालचे आठ इंच गोल कापून काढले, सत्तेचाळीस फुटांची तांबडी पट्टी, ती भंगारवाल्याने वजनावर नेली आणि दिलेल्या पैशांत आम्हा पाच जणांचा चहा आणि भजी झाली. वरचा सव्वातीन फूट पत्रा मामांनी गोठ्याला पश्चिमेकडून लावला. पाऊस तिकडूनच मारतो. मला न विचारता त्यांनी आकाशी रंगाची बाजू आत ठेवली आहे. निळा लायनर मामींनी पेंढ्याच्या उडवीवर टाकला आणि चारही कोपऱ्यांना माझ्या बांधावरचे पांढरे गोटे ठेवले. वेल्डिंगच्या ठिणगीचं भोक पडलंय तिथे त्यांनी वर एक थाळी पालथी घातली आहे. अख्खा पावसाळा पेंढा कोरडा राहिला. डबा होता तिथे वाळूचा गोल उरलाय, त्यात काकडीचा वेल पसरलाय.

मुलगा विचारतो, नवीन कधी घेताय. मी म्हणतो, बघू. कोणी घ्यायचं मनात आणत असेल तर एवढंच सांगतो, त्याच्या भोवती मोगरा लावू नका. मोगऱ्याला कुंडी पुरते.

राहता राहिला पंप. एक हॉर्सपॉवरचा, सोबत वाळूचा फिल्टर आणि वीस फूट पाइप. दोन वर्षं तो क्लोरीनच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी, बंद खोलीत ठेवला होता. त्या वाफेने खोलीतला पाना, कात्री आणि नातवाची सायकल तांबडी झाली आहे. कुणाला हवा असेल तर शनिवारी-रविवारी या, कशेळ्याच्या अलीकडे, पाटी नाही पण गोठ्याला आतून निळा पत्रा दिसेल. पैसे नकोत, उचलून तेवढा न्यावा लागेल. स्क्रू जरा गंजलेत. पंप अजून चांगला आहे.